इतवारीवाल्यांनी चेंडूला थुंकी लावली

अमेरिकेतल्या बेसबॉलवरून नागपुरात एकदा मारामारी व्हायची पाळी आली होती. माझ्या डोळ्यांदेखत आली होती, म्हणून सांगतो. आमच्या घरमालकांच्या ओसरीवर संध्याकाळची बैठक भरली होती. सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणे. काकाजी आरामखुर्चीत पाय वर घेऊन बसले होते आणि हातातला इंग्रजी पेपर फडकवून ओरडत होते, "आयका! इतवारीवाल्याइनं चेंडूले थुंकी लावली! चोरून नाई, साऱ्या दुनियेसमोर! अन् अंपायर आभाळातल्या घारी पाहून राहिला!"

नेमके त्याच वेळी एक गृहस्थ पत्ता विचारायला सायकलवरून उतरत होते. त्यांनी सायकल तिथेच आडवी टाकली.

"कोण म्हणते? मी इतवारीतलाच हाओ. आमचं कापडाचं दुकान हाय तिथं. कोणी लावली थुंकी, नाव घ्या त्याचं!"

गंमत अशी होती की अमेरिकेतल्या शहरांची नावं ओसरीवरच्या कुणाच्या ध्यानात राहत नसत. म्हणून काकाजींनी तिथल्या संघांना नागपूरच्या वस्त्या वाटून दिल्या होत्या. सगळ्यात पैसेवाला आणि दरसाल जिंकणारा संघ म्हणजे इतवारीवाले. मैदानात हातघाईवर येणारे ते महालवाले. आणि दरवर्षी शेवटून पहिले येणारे, तरी 'पुढच्या साली पाहाच' म्हणणारे ते सदरवाले, म्हणजे आम्ही. हे सगळं, आणि त्या खेळात चेंडूला थुंकी लावायला बंदी आहे हेही, समजावून सांगेपर्यंत कापडवाले शेठ पायरीवर टेकले होते. चहा झाला. मग त्यांनी जरा संकोचून विचारलं, "पण मंग, थुंकी लावून इतवारी जितली का?"

त्या दिवसापासून ते रोज येऊ लागले. इतवारीच्या बाजूनं बोलणारा कुणी तरी बैठकीत हवाच होता.

मी नाशिकचा. एकोणीसशे साठनंतरच्या पहिल्या काही वर्षांत नागपुरात सदरमधल्या एका शाळेत मराठी शिकवायला आलो होतो आणि खोली शोधत होतो. काकाजींनी मला पगार विचारला नाही, लग्नाचं विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "चेंडू झेलता येते का?"

"नाही."

"मंग येते काय?"

"मराठी शिकवतो."

"असू द्या," ते म्हणाले, जणू माझी एखादी व्याधी त्यांनी पोटात घातली. मग जिन्याकडे बोट दाखवून म्हणाले, "एक आताच सांगून ठेवतो मास्तर. आमी बौद्ध हाओत. छप्पन साली दीक्षा घेतली. मागून समजलं म्हून सामान उचलाचं असन तं आताच वर नेऊ नका. माहे गुडघे दुखतेत. तुमची ट्रंक एकदा चढवाले मदत करीन, उतरवाले नाई करणार."

ट्रंक वर गेली ती सात-आठ वर्षं वरच राहिली.

बेसबॉल त्यांना लढाईनं दिला होता. लढाईच्या काळात ते आसामात अमेरिकन फौजेच्या विमानतळावर भांडारात नोकरीला होते. तिथे एका सार्जंटाशी त्यांची दोस्ती जमली. सैनिकांच्या संघात एक माणूस कमी पडला की सार्जंट काकाजींना मैदानात उभं करी. लढाई संपली, सार्जंट आपल्या देशी गेला, काकाजी नागपूरला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चिकटले. येताना त्यांनी चेंडू झेलायचा चामड्याचा एक भला थोरला पंजा आणला होता. काकू तो चुलीवरचा तापलेला गंज, म्हणजे पातेलं, उतरवायला वापरत. त्यावरून घरात रोज एकदा तरी खटका उडे. "तो खेळाचा हाय वं!" काकाजी ओरडत. "मंग तुमी या गंज झेलाले," काकू आतून म्हणत.

सार्जंट तिकडून खेळाच्या जुन्या पेपरांचा गठ्ठा बोटीनं पाठवायचा. तो तीन-तीन महिन्यांनी यायचा. पण काकाजींच्या लेखी ती बातमी शिळी नव्हती. गठ्ठा ते तारखेवार लावत, कपाटात ठेवत आणि रोज संध्याकाळी एकच पेपर काढत. पुढचा उघडून पाहायचा नाही. त्यामुळे तिकडे पावसाळ्यात संपलेले सामने आमच्या ओसरीवर थंडीत रंगात येत आणि शेवटचा निकाल होळीच्या सुमारास लागे. एकदा मी म्हटलं, "काकाजी, हे तर केव्हाच होऊन गेलंय."

"तुमाले केव्हा समजलं?"

"आत्ता."

"मंग आत्ताच झालं. तुमची पानपतची लढाई तं लय जुनी हाय, तरी पोट्ट्याइले शिकवतानी घाबरून राहाताच न तुमी?"

त्यांची मुलगी नलू कॉलेजात होती. तिला हा धीर नव्हता. ती दुपारीच अख्खा गठ्ठा वाचून मोकळी होई. तोंडातून अक्षर काढत नसे, पण तिचा चेहरा बोलका होता. काकाजी पेपर उघडण्याआधी चष्म्यावरून तिच्याकडे पाहत आणि मग कळवळून ओरडत, "नले, तिकडं तोंड कर! हासू नको! सदरवाले हारले वाटते..." सामना महत्त्वाचा असला की बिचारी भिंतीकडे तोंड करून बसे.

त्यांच्या टीकेतून कुणी सुटत नसे. चेंडू फेकणाऱ्याला ते 'फेक्या' म्हणत, मारणाऱ्याला 'ठोक्या'. एका ठोक्यानं पगारवाढीसाठी सरावाला यायचं नाकारलं तेव्हा म्हणाले, "बरोबर हाय त्याचं. आमच्या पार्सल ऑफिसात तं लोक पगार घेऊनही येत नाईत." एका संघाच्या मॅनेजरनं रागानं अंपायरच्या बुटांवर माती उडवली, तर त्यावर पुरे दोन दिवस चर्चा चालली. अंपायर हा त्यांचा खास प्रांत होता. "अंपायरले डोळे दोनच असतेत मास्तर. एक जेवाले, एक झोपाले. खेळ पाहाले तिसरा लागते, तो शंकराजवळ हाय."

एका वर्षी मात्र वाटेत कुठे तरी अडकून सहा महिने उशिरा आलेल्या गठ्ठ्यातून वेगळंच प्रकरण निघालं. तिकडे सामने सुरू होण्याआधी संघ देशाच्या दक्षिणेकडच्या उबदार गावांत सरावाला जातात. अशाच एका गावात संघातल्या गोऱ्या खेळाडूंची सोय मोठ्या हॉटेलात झाली आणि काळ्या खेळाडूंना गावाबाहेर कुणाच्या तरी घरी ठेवलं. त्यांतल्या एकानं तोंड उघडलं आणि पेपरवाल्यांना सांगितलं, आम्ही एका मैदानात खेळतो, मग एका छताखाली का राहू नये? संघ इतवारीवाल्यांचा होता. मालक म्हणाला, आम्ही इथे पाहुणे आहोत, गावाची रीत आम्ही कशी मोडणार?

काकाजींनी हे नेहमीच्याच चढ्या आवाजात वाचलं. नलू भिंतीकडे तोंड करून बसली होती, त्या दिवशी सामना नसतानाही.

"पाहा," काकाजी म्हणाले, "अमेरिका लय पुढं गेली. तिथं आधी चेंडू मारून घेतेत, मंग विचारतेत, तू कोण होय. आपल्याकडं पह्यलेच विचारतेत. चेंडूचा खर्च वाचते."

कुणी हसलं, कुणी नाही. कापडवाले शेठ कितीतरी वेळ पायरीवरच्या चपलांकडे पाहत होते. मग म्हणाले, "आमच्या मालकानं असं बोलाले नाई पायजे होतं." अमेरिकेतल्या कुठल्या तरी धनाढ्य माणसाबद्दल इतवारीतला हा कापडवाला शरमिंदा झाला होता.

त्याच थंडीत आमच्या संघाला बोलावणं आलं. हो, आमचा संघ होता. गल्लीतल्या नि आसपासच्या पोरांना जमवून काकाजींनी तो उभा केला होता. बॅट सुताराकडून बाभळीच्या लाकडाची कातून घेतलेली, इतकी जड की चेंडू लागला नाही तर ठोक्याच भोवळून पडे. पलीकडे वर्ध्याच्या बाजूला कापसाच्या जिनिंगचं एक गाव होतं. तिथल्या क्लबाच्या क्रीडा-महोत्सवात हा नवा खेळ दाखवायचा होता. तिथल्या शाळेच्या ड्रिलमास्तरनं पुस्तकावरून पोरांना खेळ शिकवून एक संघ तयार केला होता. आम्ही सकाळच्या एस.टी.नं निघालो. मी मॅनेजर, म्हणजे पिशव्या सांभाळणारा.

सारं गाव लोटलं होतं. मैदान म्हणजे नांगरून सपाट केलेलं शेत, त्याला लागून उभी तूर. खेळ लोकांना पटकन कळला. चार कोपरे, जिथून चेंडू मारायचा तो कोपरा म्हणजे घर. तिथून पळत सुटायचं, बाकीचे तीन कोपरे गाठायचे आणि परत घरी यायचं. घरी पोचला की एक रन. काकाजी तिसऱ्या कोपऱ्याशी उभे राहून आमच्या पोरांना ओरडून सूचना देत होते आणि मधूनच अंपायर झालेल्या ड्रिलमास्तरची हजेरी घेत होते. लोक खेळापेक्षा त्यांनाच जास्त हसत होते.

अर्धा खेळ झाला असेल. क्लबाचे सेक्रेटरी माझ्याजवळ आले. मोठा अदबशीर माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, जेवणाची सोय देवळाच्या मंडपात हाय. तुमी या, अन् ते कोष्ट्याचं पोरगं, आणखी एक-दोघं... बाकीच्यांची पानं शाळेच्या वऱ्हांड्यात लावली. तेच अन्न हाय बरं, बुंदीसुद्धा. तुमच्या काकाजीले तुमीच सांगा न समजावून. तुमी शिकलेले."

मी काकाजींकडे गेलो आणि ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. ते माझ्याकडे न पाहता मैदानाकडे पाहत राहिले.

"बुंदीसुद्धा म्हणे?"

"हो."

"बरं," ते म्हणाले, आणि पुन्हा ड्रिलमास्तरला ओरडले, "मास्तर, चेंडू डोक्यावरून गेला, तुमी पायाकडं काय पाहून राहिले?" मला वाटलं, गिळलं त्यांनी. मला जरा हायसंही वाटलं आणि वाईटही.

शेवटचा डाव आला तेव्हा दोन्हीकडे सारखे रन होते. आमचा गुणवंत तिसऱ्या कोपऱ्यावर उभा. हा गल्लीतला सगळ्यात चपळ पोरगा, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता. त्याचं पान वऱ्हांड्यात होतं. बॅट कोष्ट्याच्या बाल्याच्या हातात. बाल्यानं अशी काही फिरवली की चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून थेट तुरीत गेला. लोक उठून उभे राहिले. गुणवंत घराकडे सुसाट सुटला. आता पाऊल टेकणार, तेवढ्यात काकाजी ओरडले,

"गुणवंता, थांब! बस खाली!"

तो घरापासून हातभर अंतरावर थांबला. एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मांडी घालून मातीत बसला.

सारं मैदान ओरडायला लागलं. "ये ना गा!" "एक पाय टाक, पाय!" "याले झालं काय?" तिकडे गावची पोरं तुरीत चेंडू शोधत होती. तो हाती लागून गुणवंतच्या अंगाला टेकवला की गुणवंत बाद होणार होता. सेक्रेटरी धावत आले.

"काकाजी, काय झालं? येऊ द्या न त्याले!"

"कसा येईन? घरात पाय टाकाले परवानगी लागते. ते इचारून राहिलो तुमाले."

"कायची परवानगी?"

"आमच्या पोट्ट्याइची पानं कुठी लावली?"

काकाजींचा आवाज मुळातच मोठा. पहिली रांग गप्प झाली, मग दुसरी, मग मागचीही.

"मंडपात... म्हणजे सारी सोय हाय. आपण मंग बोलू न."

"मंग काहून? आता सारं गाव हाय इथं. मी वऱ्हांड्यात जेवाले बसलो का मंग कोणाले सांगू, बुंदीले?"

"गावाची रीत असते काकाजी. आमी कशी मोडाची?"

"असंच पेपरातला एक जण परवा आमच्या ओसरीवर म्हणत होता," काकाजी म्हणाले. "तोबी लय मोठा शेठ हाय."

तुरीत एक उंच पोरगा होता, गावच्या संघाचा कॅप्टन. तो खाली वाकला, उठला, आणि पुन्हा शोधू लागला. त्याच्या पॅंटीचा खिसा चेंडूएवढा फुगलेला मला इथून दिसत होता. त्याच्या साथीदारांनाही दिसत असावा, कारण तेही डोळे फाडून बांधावरच्या, जिथे चेंडू जाणं शक्यच नव्हतं अशा, जागा धुंडाळायला लागले. ड्रिलमास्तर घड्याळाकडे पाहत होता. गुणवंत मान खाली घालून मातीत बोटानं रेघा ओढत होता.

तेवढ्यात टोपलीत बोरं घेऊन बसलेली एक म्हातारी ओरडली, "अरे मेल्याहो, लेकरू उन्हात बसलं हाय! सांगा न त्याले, आमच्यासंगं जेव म्हून! जेवणावरून खेळ कायले अडवता?"

मागून दोन-चार पोरांनी तिची री ओढली. मग आणखी काही जणांनी. सगळ्यांनी नाही, काही लोक तोंड फिरवून निघूनही गेले. सेक्रेटरींनी खुर्चीवरच्या अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष जिनिंगचे मालक. त्यांनी फेटा सारखा केला, गर्दीकडे पाहिलं, आणि कुणाकडेच न पाहता म्हणाले, "इथंच लिंबाखाली लावा पंगत. एकच. झालं?"

"मास्तर, ऐकलं न?" काकाजी मला म्हणाले. मग आवाज चढवून, "गुणवंता, ये घरी."

तो उठला, पॅंट झटकली आणि घरावर पाय ठेवला. त्याच क्षणी तुरीत चेंडू सापडला.

ड्रिलमास्तरनं मात्र बोट वर केलं. आउट. मधेच बसून खेळ अडवला, रन नाही, सामना बरोबरीत. आमची पोरं त्याच्या अंगावर धावली. काकाजींनी त्यांना मागे ओढलं, ड्रिलमास्तरपाशी गेले आणि त्याचा हात हातात घेतला. "निकाल बरोबर दिला मास्तर. डोळस अंपायर पह्यल्यांदा पायला."

लिंबाखाली पंगत बसली. आमची पोरं, गावची पोरं, ड्रिलमास्तर, बोरं विकणारी म्हातारीसुद्धा. अध्यक्षांना आणि त्यांच्या तीन-चार स्नेह्यांना एकाएकी उपास आठवले. "अरे, साहेबाले साबुदाणा द्या गा कोणी," काकाजी वाढप्यांना म्हणाले, "उपाशी राहतीन बिचारे." पंगतभर हशा पिकला. तो उंच कॅप्टन गुणवंतला खेटून बसला होता आणि काही न बोलता त्याच्या पानात आपल्या वाटची बुंदी टाकत होता.

परतीच्या एस.टी.त पोरं गात होती, बाकं बडवत होती. काकाजी खिडकीशी बसले होते. मला आठवलं, पंगतीत त्यांच्या पानातलं अन्न तसंच राहिलं होतं.

"काकाजी, तुम्ही जेवला नाहीत."

"घास उतरला नाई गा मास्तर." मग खिडकीबाहेर पाहत, "लय भेव वाटलं मले."

"कशाचं?"

"पोट्टे कोणाचे, मी घेऊन आलो. त्याइच्या मायाइले सांगून आलो का संध्याकाळी आणतो म्हून. अन् परक्या गावात, दोन-तीन हजार लोकांसमोर... तो मातीत बसला होता न, तवा वाटलं, एक गोटा आला तं?" त्यांनी मागं वळून गाणारी पोरं एकदा मोजली. "नलीले सांगू नका," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पुन्हा आरामखुर्चीत होते. त्या हॉटेलाच्या प्रकरणाचं पुढं काय होतं याकडे आता सगळी ओसरी कान लावून होती. काही पेपर उलटल्यावर बातमी आली, संघानं ते हॉटेल सोडलं आणि सगळ्यांना एका जागी ठेवील असं दुसरं घेतलं. काकाजींनी पेपर मांडीवर आपटला.

"घ्या! आली अमेरिका आपल्या मागून!"

"बाबा, ते आपल्या आधी झालं हाय," नलू म्हणाली. "तारीख पाहा न."

"तारीख तू पाय. आपल्याले आज समजलं." आणि कापडवाले शेठ उठून घरी गेले ते पेढे घेऊनच परत आले, इतवारीचं नाक राहिलं म्हणून.

पुढे मी मराठवाड्यात गेलो. सार्जंट वारल्यावर गठ्ठेही बंद झाले, असं कळलं. ऐंशी सालानंतर एकदा कामानिमित्त नागपूरला गेलो तेव्हा काकाजींना भेटलो. काकू गेल्या होत्या, नलू भंडाऱ्याला प्राध्यापक झाली होती. काकाजींच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. मला पाहताच म्हणाले, "चला, सामना हाय."

शहराबाहेर बेसा गावाकडे जाणाऱ्या वाटेवर तेव्हा शेतंच होती. तिथे तारेचं कुंपण घातलेल्या एका मैदानावर मुलींचे सॉफ्टबॉलचे सामने चालले होते. बेसबॉलचीच धाकटी बहीण म्हणायची. अंपायर विशीतली एक मुलगी, दोन वेण्या, गळ्यात शिटी. काकाजी टेकून बसायचीच खोटी, सुरू झाले. "ओ बाई! डोळे घरी ठेवले का? तो चेंडू होता का टरबूज?" दिसत त्यांना फारसं नव्हतंच, पण आवाज तोच होता. मुलीनं एकदा वळून पाहिलं, दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा तिनं खेळ थांबवला आणि सरळ आमच्यापुढे येऊन उभी राहिली.

"आजोबा, तारेच्या बाहेर जा."

"काहून?"

"अंपायरले बोलता म्हून. नियम हाय."

आयुष्यभर हा माणूस अंपायरांवर बोलला, आणि तो ड्रिलमास्तर सोडला तर ते सगळे अंपायर सात समुद्रांपलीकडे होते. मला वाटलं, आता भडका उडणार. काकाजींनी तिच्या आवाजाच्या दिशेनं मान वर केली. चेहऱ्यावर हळूहळू असं काही समाधान पसरलं की ती मुलगीच गोंधळली. "बराबर हाय बाई," म्हणाले, काठी उचलली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मुकाट्यानं तारेबाहेर आले.

तिथून त्यांना काहीच दिसत नव्हतं. तारेला बोटं अडकवून ते उभे राहिले. "काय चाललं, सांगा."

मला आजही तो खेळ धड कळत नाही. दिसेल ते मी सांगत गेलो. एक मुलगी पळाली, दुसरीनं चेंडू टाकला, तो कुणाच्या तरी हातातून निसटला, एक पडली, पुन्हा उठून पळाली.

"तुमाले काईच समजत नाई मास्तर," काकाजी म्हणाले. "पण सांगत राहा."